शीड सोडताना

नाशिककडे पाऊस पडला की आमच्याकडे पाणी येतं. आमच्याकडे म्हणजे शेवगाव तालुक्यात, जायकवाडीच्या बॅकवॉटरच्या काठावर. इथलं आभाळ तेव्हा बहुतेक कोरडंच असतं. कपाशी माना टाकून उभी असते, लोक ढगांना नावं ठेवत असतात, आणि पाणी मात्र गुपचूप वर चढत असतं. उन्हाळ्यात धरण मागे हटतं तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरून घेतात. आधी पाणी त्या गाळपेराच्या मोकळ्या वावरात शिरतं, मग बाभळींच्या बुंध्यांना लागतं, मग बांध ओलांडतं. काल जिथे शेळ्या चरत होत्या तिथे आज बगळे उभे असतात. दर भाद्रपदात हे असंच होतं आणि दर वेळी काठावरच्या लोकांना त्याचं थोडं नवल वाटतंच.

परवा सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोडक्याच्या शिरा काढत बसले होते.

“भाभी, पानी आलंय. होडी उचलली सकाळी.”

“बरं.”

“मंग काय करायचं म्हनता?”

“बघते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. राहिलेल्या शिरा काढल्या, भाजी फोडणीला टाकली. मीठ घालायचं राहून गेलं. जेवताना ते कळलं, तरी उठले नाही. हल्ली माझं असंच चाललं होतं. वाईट वाटतंय म्हणावं तर तसं नाही, बरं वाटतंय म्हणावं तर तसंही नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं काहीतरी. फक्त ते इंजेक्शन तासा-दोन तासांत उतरतं, आणि माझं मार्गशीर्षापासून उतरलेलं नव्हतं. मार्गशीर्षात तात्या गेले.

तात्या म्हणजे माझे यजमान. त्यांच्या घरी सगळे त्यांना तात्या म्हणायचे, लग्नानंतर मीही तेच उचललं. तरुणपणी ते नौदलात होते आणि तिथे शिडाच्या होड्या चालवायला शिकले होते. पुढे नगरला येऊन एमआयडीसीत नोकरी केली, मुलगा वाढवला, फ्लॅटचे हप्ते फेडले. एवढ्या वर्षांत त्यांनी समुद्राचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं विसरले. निवृत्त झाल्यावर नगरची माणसं काय करतात ते ठरलेलं असतं. सकाळी फिरायला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात, मुलाकडे जातात आणि महिन्याभरात कंटाळून परत येतात. आमच्या तात्यांनी होडी आणली. मुंबईच्या कुणा गृहस्थांना आपली जुनी शिडाची होडी दारातून घालवायची होती, ती यांनी ट्रकवर घालून माळशेज घाटातून शेवगावला आणली. बाजारपेठेतून ट्रक निघाला तेव्हा लोक कांद्याचे ट्रॅक्टर थांबवून बघत होते, असं सलीमभाई अजून रंगवून सांगतात.

सलीमभाईंचं शेत पाण्याला लागून आहे. त्यांच्या बांधावरच्या बाभळीला होडी बांधलेली असते. पाणी हटलं की ती गाळावर बसते आणि सलीमभाई तिच्या चारी बाजूंनी हरभरा पेरतात. एका वर्षी हरभऱ्याच्या शेतात उभ्या असलेल्या होडीचा फोटो आमच्या मुलाने, अमेयने, बंगळुरूच्या मित्रांना दाखवला. कुणालाही तो खरा वाटला नाही. मलाही ती होडी कधी फारशी खरी वाटली नव्हती. तात्या तिच्यात बसून जायचे, मी काठावर सतरंजी टाकून पेपर वाचायचे, भाकरी खायचे आणि संध्याकाळी आम्ही घरी यायचो. मला पोहता येत नाही आणि शिकायची हौसही नव्हती.

गेल्या वर्षीच्या वैशाखात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला, हाताचं मात्र विचित्र झालं. बोटं थोडीफार हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. हातात कप आहे की नाही हे तात्यांना बघून ठरवावं लागायचं. गरम वाटीला बोट टेकलेलं असायचं आणि ते शांतपणे बोलत बसलेले असायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “दुसरा झटका येईलच असं नाही. पण आला तर सांगून येणार नाही.” मी हे घरी येऊन तात्यांना सांगितलं. मी काही लपवणाऱ्यांतली नाही, आणि त्यांच्यापासून काही लपतही नसे. ते म्हणाले, “हो, मला वाटलंच.” मग दोन महिने गॅलरीतल्या खुर्चीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत राहिले.

भाद्रपदात सलीमभाईंचा असाच फोन आला. त्या दिवशी तात्यांनी दाढी केली.

“चल, पाण्यात जाऊन येऊ,” ते म्हणाले.

“तुमचा हात चालत नाही, मला पोहता येत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस होत नाही.”

“होतं की. तू हात हो, मी डोकं होतो.”

“म्हणजे नेहमीचंच,” मी म्हटलं. वैशाखानंतर ते पहिल्यांदा हसले. मग हसू पुसून टाकून अगदी साध्या आवाजात बोलले. “शैला, मला पाण्याच्या मधोमध काही झालं, तर माझं जे व्हायचं ते होईल. पण तू तिथे अडकशील. शीड उघडं, वारा सुटलेला, आणि तुला काही येत नाही. तेव्हा आधी तुला एकटीला काठाला परत येता आलं पाहिजे. ते येईपर्यंत आपण होडी बाभळीपासून सोडायची नाही.”

त्यांना माझी काळजी होती, हे मला कळलं. आणि मला त्यांना त्या भिंतीपासून उठवायचं होतं. म्हणून मी हो म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

एकटीने परत येण्यात फार काही नाही, असं मला आधी वाटलं. होडीला मागे एक छोटं इंजिन आहे. दोरी खेचून सुरू करायचं आणि काठाकडे तोंड करून बसायचं. पण शीड उघडं असेल तर वाऱ्यापुढे त्या इंजिनाचं काही चालत नाही. म्हणजे आधी शीड आवरायचं. आजारपणानंतर तात्यांनी मागचं मोठं शीड काढूनच ठेवलं होतं. पुढचं एकच शीड वापरायचं ठरलं. आणि पुढचं शीड म्हटलं की ‘फर्लर’ आला. पुढचे तीन महिने आमच्या घरात या एका वस्तूशिवाय दुसरा विषय नव्हता.

डोलकाठीच्या वरच्या टोकापासून होडीच्या नाकापर्यंत एक तार येते. पुढचं शीड त्या तारेभोवती चटईसारखं गुंडाळलेलं असतं. तारेच्या पायाशी पतंगाच्या चकरीसारखी एक चकरी असते, तोच फर्लर. शीड उलगडलं की चकरी फिरते आणि एक दोर तिच्यावर गुंडाळला जातो. तोच दोर मागे बसून ओढला की चकरी उलटी फिरते आणि शीड पुन्हा तारेभोवती बसतं. पुढे जायला नको, उभं राहायला नको. बसल्या जागी सगळं होतं. मात्र चकरी अडकली की सगळंच अडकतं. शीड अर्धवट उघडं राहतं, मिटत नाही, आणि वारा त्याला ओढून होडी वाटेल तिकडे नेतो.

चकरी अडकते कधी, तर शीड सोडताना. मी धरून चालले होते की काळजी आवरताना घ्यायची असते. तात्या म्हणाले, नाही. वाऱ्याने शीड फाडकन उघडतं, चकरी भर्रकन फिरते, आणि दोर सैल असेल तर त्याचे वेढे एकावर एक पडतात. एखादा वेढा खाली दडपला जातो. त्या वेळी काहीच कळत नाही. होडी मजेत चाललेली असते. तासाभराने आवरायला जावं तर दोर तसूभर हलत नाही. माणूस घाबरून जोर लावतो आणि वेढा आणखी घट्ट बसतो. म्हणून शीड सोडताना दोर हातातून हळूहळू जाऊ द्यायचा, त्याच्यावर थोडा ताण ठेवून. ताण असला की वेढे शेजारी शेजारी नीट बसतात.

“थोडा म्हणजे किती?” मी विचारलं.

“अमेय लहान होता तेव्हा त्याचं बोट धरून दिल्लीगेटचा गर्दीचा रस्ता ओलांडायचीस ना, तेवढा.”

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. तो दोर ते नेहमी डाव्या हातात धरायचे. त्या हाताला आता काही कळत नव्हतं, पण त्याला जे माहीत होतं ते त्यांनी असं शब्दांत घालून माझ्या हातात दिलं. होडी बाभळीला बांधलेली असायची, वाऱ्याची झुळूक असायची, आणि मी शीड सोडत असायचे, आवरत असायचे. सलीमभाई बांधावर बसून बघायचे. आजूबाजूला बाजरी काढणीला आली होती, गाळाचा ओला वास यायचा. माझ्या तळहातांना आधी लाल वळ उठले, मग तिथली कातडी जाड झाली.

फर्लरचे लाडही पुष्कळ होते. कुंभारमाश्यांना ती चकरी फार आवडायची. आठवडाभर गेलो नाही की आत मातीचं घर तयार. ते काडीने काढून चकरी स्वच्छ पाण्याने धुवायची. तेल अजिबात घालायचं नाही, कारण साखर कारखाना सुरू झाला की काळी राख उडत येते आणि तेलाला चिकटून बसते. वरच्या टोकाची दोरी ढिली पडली नाही ना, ते बघायचं. शेजारीण गणपतीची आरास करत होती तेव्हा मी फर्लर धुवायला शेवगावला निघाले होते. गाडी मीच चालवायचे. तात्या शेजारी बसून वाऱ्याचा अंदाज घ्यायचे, म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांच्या पताका बघायचे.

मग आम्ही पाण्यात जायला लागलो. ते दिवस कसे होते हे मला कुणी विचारलं तर मी चांगले होते असं सांगते. पण त्यातलं काय चांगलं होतं हे आठवायला गेलं की हाताला काही लागत नाही. पाणी आठवतं. दुपारी ते शिळ्या चहासारखं दिसायचं, उन्हं कलली की पांढरं. मधोमध गेलं की काठावरची गावं एका रेघेएवढी व्हायची आणि कुठल्या तरी मंदिराचा भोंगा फार लांबून ऐकू यायचा. तात्या उजव्या हाताने सुकाणू धरून बसायचे. डावा हात मांडीवर ठेवलेला असायचा, उचलून ठेवलेल्या वस्तूसारखा. ते पाण्याकडे बघायचे, मी दोराकडे.

आणि मध्येच ते म्हणायचे, “आता मी नाही.”

हा त्यांनी काढलेला प्रकार होता. एवढं म्हणून ते सुकाणू सोडायचे, मान टाकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग काही झालं तरी बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. शीड आवरून, इंजिन सुरू करून, होडी काठाला लावायची ती मी. होडी गाळाला टेकली की परीक्षा संपली. पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा मी म्हटलं, “हा कसला अभद्र खेळ? मला नाही आवडत.” मेलेल्या माणसाने उत्तर दिलं नाही. मी चिडून शीड आवरलं, चिडून इंजिन सुरू केलं आणि होडी थेट सलीमभाईंच्या म्हशींत घातली. सलीमभाई ओरडले, “ओ साहेब, भाभीला आवरा.” तात्यांचे डोळे मिटलेलेच, पण पोट हलत होतं.

असं करत करत मला यायला लागलं. नवरात्रापर्यंत मी एकदाही चकरी अडकू दिली नव्हती. तात्यांच्या तोंडून कौतुक निघत नसे, पण ते जेवायला लागले होते, पेपरातलं मोठ्याने वाचून दाखवायला लागले होते. अमेयने फोनवर विचारलं, “आई, बाबांचा आवाज बदललाय का?” मी म्हटलं, हो, वारा लागतोय.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी गेलो, तर होडीवर नवा दोर होता. जुना थोडा विरला होता हे खरं. तो काढून सलीमभाईंनी स्वतःहून दुसरा टाकला होता. उसाच्या ट्रॉलीला बांधतात तसला, पिवळा, अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा. बांधावर ते हात मागे बांधून उभे होते, लेकीचं लग्न चांगलं पार पडलेल्या माणसासारखे.

“पहिला लई बारीक हुता, साहेब. ह्यो बघा. बैल बांधा, तुटायचा न्हाई.”

शेतकऱ्याच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. आमच्याकडे दोर जाड म्हणजे पक्का. शेवगावच्या सगळ्या बाजारात याला कुणी नाही म्हणणार नाही. पण फर्लरच्या चकरीत दोर मावेल इतकाच बारीक लागतो. जाड दोराने ती काठोकाठ भरते आणि वेढ्यांना नीट बसायला जागा उरत नाही. हे तात्यांना दिसलं होतं. मलाही दिसलं होतं. पण एवढ्या प्रेमाने टाकलेला दोर सलीमभाईंच्या तोंडावर काढायचा कसा? तात्या म्हणाले, “वा, मजबूत आहे.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “जवळच एक फेरी मारू. उद्या काढू.” भिडेपोटी आपण काय काय करतो, याचं मला अजून नवल वाटतं.

फेरी जवळची राहिली नाही. वारा छान होता. पूर्वेला पैठणच्या अंगाला एक ढग होता, लहानसा. आम्ही मधल्या उघड्या पाण्यात आलो आणि तात्या म्हणाले, “आता मी नाही.” मान टाकली, डोळे मिटले. मी दोराला हात घातला, तेवढ्यात वाऱ्याची दिशा बदलली. गार वारा आला, पाणी काळं झालं. परतीच्या पावसाचं हे असंच असतं, आधी चाहूल म्हणून देत नाही. होडी एका कुशीवर झुकली. मी दोर ओढला. शीड दोन वेढे आत गेलं आणि थांबलं. आणखी ओढला. दगडात अडकल्यासारखं झालं.

“तात्या, अडकलं,” मी म्हटलं.

ते हलले नाहीत.

“तात्या, खेळ बास. चकरी अडकली.”

त्यांचं डोकं होडीच्या हेलकाव्याबरोबर इकडून तिकडे होत होतं. तोंड किंचित उघडं होतं. एरवी पापण्या थरथरतात, त्या थरथरत नव्हत्या, किंवा मला दिसत नव्हत्या. मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. का नाही मारली? उत्तर आलं नसतं तर काय, ते मला त्या क्षणी कळून घ्यायचं नव्हतं. मी ठरवलं की हा माणूस गेलेला आहे आणि मला काठाला जायचं आहे. तेव्हा आत जे काही होतं, भीती म्हणा, रडू म्हणा, ते नळ बंद करावा तसं बंद झालं. मला फक्त माझे हात दिसत होते.

शीड ज्या दोराने ताणलेलं होतं तो मी सोडून दिला. शीड फडफडायला लागलं, पण त्यातला जोर गेला आणि होडी सरळ झाली. मग मी गुडघ्यांवर, एका हाताने काठ धरून, होडीच्या नाकाशी गेले. सुटलेल्या दोराचा फटका गालावर बसला. चकरीत पिवळे वेढे एकमेकांत घुसून बसले होते. मागून येणारा दोर आधी सैल केला. दडपलेला वेढा बोटाने उचलायला लागले, नख अर्धं निघालं, वेढा निघाला. मग चकरी दोन्ही हातांनी धरून फिरवत गेले, फिरवत गेले, आणि ते ओलं शीड तारेभोवती बसलं. ते पुन्हा उलगडू नये म्हणून टोकाला दोर बांधला. मागे आले. त्यांचे पाय ओलांडून इंजिनाची दोरी खेचली. पाऊस लागला होता. काठ दिसत नव्हता, म्हणून वारा उजव्या गालावर ठेवून मी बसून राहिले. होडी गाळाला टेकली, तेव्हाच समजलं की आलो.

तात्यांनी डोळे उघडले. “दोर काढायला हवा,” ते म्हणाले.

मी त्यांच्याशी तिसगाव येईपर्यंत बोलले नाही. तिसगावला चहाला थांबलो तेव्हा तेच म्हणाले, “तिसरी हाक मारलीस की उघडणार होतो. तू मारलीच नाहीस. पुढे गेलीस.”

“पुन्हा असं केलंत तर तुम्हाला तिथेच पाण्यात ठेवून येईन.”

“तेवढंच तर शिकवतोय,” ते म्हणाले आणि चहाचा कप उजव्या हाताने माझ्याकडे सरकवला.

गालावरचा वळ बरेच दिवस राहिला. सोसायटीत कुणी विचारलं की मी खरं सांगायचे, शिडाचा दोर लागला. सावेडीत हे उत्तर कुणाला पटत नाही. बायका माझ्याकडे दयेने बघायच्या आणि तात्यांकडे संशयाने.

त्यानंतर तात्यांनी तो खेळ केला नाही. त्यांच्या लेखी माझं शिक्षण झालं होतं. बारीक दोर आणला, सलीमभाईंना समजावून सांगितलं. त्यांनी पिवळा दोर म्हशीला बांधला आणि रुसले नाहीत. कार्तिकभर आम्ही जात राहिलो. मार्गशीर्षात एका सकाळी तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर पेपर, मान एका बाजूला, डोळे मिटलेले. मी आतून बघितलं. चहात आलं किसून घातलं, साखर घातली, गाळला, आणि दोन कप घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अगदी शांतपणे गेले. मी मान हलवली. माणसं आली, अमेय आला. सगळं नीट पार पडलं. मला कुणाला सांभाळावं लागलं नाही आणि कुणाला मला सांभाळावं लागलं नाही. बाया म्हणाल्या, खंबीर आहे. मला ठाऊक होतं की तसं काही नाही. तो नळ मी दसऱ्यानंतरच्या त्या दुपारी बंद केला होता आणि आता तो उघडायचा कसा ते मला आठवत नव्हतं.

अमेय म्हणाला, “आई, होडी विकून टाक.” मी म्हटलं, टाक. त्यानेच पुण्याच्या एका गृहस्थांशी बोलणी केली. ते पानशेतला नेणार आहेत. मात्र सलीमभाईंच्या शेतापर्यंत ट्रक येत नाही, या दिवसांत काळ्या मातीत बैलगाडीसुद्धा रुतते. पाण्याच्या पलीकडच्या अंगाला धरणाआधीचा जुना डांबरी रस्ता आहे, तो तसाच उतरत उतरत पाण्यात जातो. तिथे ट्रक मागे लावता येतो. होडी तेवढी तिथवर न्यायची.

“मी तराफ्याला बांधून वढत नेतो, भाभी. तुमी नका तरास घिऊ,” सलीमभाई म्हणाले.

“मी आणते,” मी म्हटलं. “तुम्ही मोटारसायकलवर रस्त्याने या. तिकडून दोर धरा.”

ते म्हणाले, “एकल्या?” मी म्हटलं, “हो.”

काल सकाळी गेले. आभाळ मोकळं होतं, पाणी बाभळींच्या कमरेपर्यंत आलेलं. चकरीतलं मातीचं घर काढलं, ती धुतली, वरची दोरी ताणून बघितली. सलीमभाईंनी होडी ढकलून दिली. मी शीड सोडलं. दोर हातातून जात होता, मी त्याला थोडा ताण देत होते, वेढे एकाशेजारी एक बसत होते. तात्यांच्या जागेवर मी बसले होते, कारण सुकाणू तिथेच आहे. माझी जागा मोकळी होती. मला काही वाटत नव्हतं. वारा पश्चिमेचा, एकसारखा, घाई नसलेला. मधोमध गेल्यावर काठ रेघेएवढा झाला. कुठेही भीती वाटली नाही आणि याचंच मला वाईट वाटलं, की एवढं सगळं शिकून घेतलं आणि आता मला काही होईल अशी कुणाला काळजीच नाही.

पलीकडचा डांबरी रस्ता दिसायला लागला. सलीमभाई आधीच पोचले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरत होते. मी शीड आवरायला घेतलं. दोर ओढला आणि चकरी अशी फिरली, जणू तिला हेच हवं होतं. कुठे अडखळणं नाही. सगळं शीड तारेभोवती घट्ट, सरळ बसलं, एक सुरकुती नाही. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. होडी हळूच रस्त्याच्या उताराला टेकली. सलीमभाईंनी पुढचा दोर झेलला.

मी इंजिन बंद केलं. बसून राहिले. आता उठायला हवं, हे कळत होतं, पण अजून काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटत होतं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून मी म्हणाले, “टेकली होडी. आता डोळे उघडा.”

ते मी मोठ्याने म्हणाले, हे माझं मला ऐकू आल्यावर कळलं. आणि मग मला रडू आलं. मार्गशीर्षापासूनचं, त्याच्याही आधीचं, त्या पिवळ्या दोराच्या दुपारचं. तात्यांचा राग आला, फार राग आला, आणि ते हवे होते.

सलीमभाई गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझं रडून होईपर्यंत ते तसेच दोर धरून उभे राहिले.